ई-क्लासवर राहणाऱ्या सहा कुटुंबांना घरकुल मिळवून द्यायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

सेतूवाला

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे, एका लहान गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, दिवसभर हेच. गावाबाहेर फाट्याजवळच्या ई-क्लास (चराईच्या सरकारी) जमिनीवर सहा पारधी कुटुंबं राहतात. सगळे त्याला बेडा म्हणतात. बांबू, फाटकी ताडपत्री आणि खताच्या चुंगड्या शिवून केलेले पडदे, एवढाच तो बेडा. माणसं कापूस वेचायला जातात, रब्बीत रानडुकरांपासून राखण करायला शेतकरी त्यांनाच बोलावतात. पोरं आमच्या जिल्हा परिषद शाळेत आहेत, कारण एक सर स्वतः जाऊन त्यांना घेऊन येतात.

यंदा आषाढात झड लागली तेव्हा तिथे एक ओली बाळंतीण होती. आशाताईंनी सांगितलं म्हणून आम्ही सगळ्यांना मंदिराच्या सभामंडपात आणलं. दोन रात्री बरं चाललं, मग काही लोकांनी कुरकुर सुरू केली. मंदिर बाटतं असं तोंडावर कोणी म्हणालं नाही, भजनाला जागा उरत नाही म्हणाले. पाऊस थांबला आणि ते परत ताडपत्रीत गेले.

त्यानंतर आम्ही काहीजण एकत्र बसलो. गुरुदेव सेवा मंडळाची पोरं, ते शाळेचे सर, आशाताई, हार्डवेअरवाले एक काका आणि मी. शाळेच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री रंगवलेली आहे, त्यात ‘बेघरांना आसरा’ आहेच. सरांनी तिकडे बोट दाखवलं आणि वर्गणी सुरू झाली. रक्कम बरी जमली. काका म्हणतात, टिनं मी खरेदीच्या भावात देतो, सहा शेड टाकून मोकळे होऊ. सरांचं म्हणणं, घरकुलच मागू. सरपंच म्हणतात, त्यांची नावं यादीत नाहीत, त्यांच्याकडे जागा नाही, मी काय करू?

ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी सांगावं. टिनं घ्यावीत का? आणि ज्याच्याकडे काहीच कागद नाही, त्याचं घरकुल होतं तरी का?

पऱ्हाटी

भाऊ, काम चांगलं हाय, पण टिनाच्या भानगडीत पडू नका बाप्पा. आमच्या गावात असेच शेड टाकून देल्ले होते. फोटो निंगाले, पेपरात नावं आले. मंग अतिक्रमणाची नोटीस आली, शेडं मोडले, अन् टिनं कोनं नेले ते आजलोक मालूम नाई. वर्गणी देनारे लोकं अजूनही मालेच इचारतात.

अन् खरं सांगू का, घरकुल भेटलं तरी ते लोकं राह्यतीन का तिथं? दिवाळी झाली का कापूस वेचाले चालले मुलुखभर. घराले कुलूप लागते अन् गावातले म्हंतात, पाहा, यायले घर देल्लं तं राहत नाई. मी वाईट नाई बोलून रायलो, पाह्यलेलं सांगून रायलो.

निवृत्त_ग्रामसेवक

सेतूवाले भाऊ, वर्गणी सांभाळून ठेवा, टिनावर घालू नका. ती पुढे लागणार आहे आणि चांगलीच लागणार आहे.

माझी नोकरी यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत झाली. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. काम तेच, शिव्याही त्याच.) इंदिरा आवासपासूनच्या याद्या माझ्या हातून गेल्या, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळ्यात आधी बेड्यावर जाऊन विचारा की ते फासेपारधी आहेत की पालपारधी. गावाच्या लेखी सगळे पारधीच. सरकारच्या लेखी फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत आणि पालपारधी विमुक्त जातीत. खिडक्याच वेगळ्या. फासेपारध्यांसाठी आदिवासी विकास विभागाकडून पारधी आवास आणि शबरी आवास आहे. पालपारध्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. ती मुळात वसाहतीसाठी आखली होती, कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर असं, पुढे वैयक्तिक लाभही देऊ लागले. चुकीच्या खिडकीत अर्ज गेला की तो नाकारत नाहीत, नुसता पडून राहतो. त्यात वर्ष जातं.

यादीचं आता. सरपंच म्हणतात ते अर्धंच खरं. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणात जी कुटुंबं आपोआप पात्र धरायची होती, त्यांत बेघर कुटुंब हा पहिलाच प्रकार होता. दुसरा भीक मागून जगणारे. म्हणजे नियमाने हे लोक रांगेत सगळ्यांच्या पुढे. पण सर्वेवाला आला तेव्हा बेडा कापसावर गेलेला, घराला नंबर नाही, मग लिहिणार कुठे? आवास प्लसच्या, म्हणजे सुटलेल्या कुटुंबांच्या पुढच्या सर्वेच्या वेळी तेच. २०२५ मध्ये मोबाइल ॲपवर नवा सर्वे झाला, त्यात स्वतःचा सर्वे स्वतः करायचीही सोय होती, पण तिथे आधार आणि रोजगार हमीच्या जॉब कार्डचा नंबर लागत होता, चेहऱ्याची पडताळणी होत होती. तुमचं तर केंद्रच आहे. सहाही कुटुंबांची नावं नव्या यादीत आहेत का ते पंचायत समितीच्या घरकुल कक्षातून आधी काढा. नसतील तर प्रधानमंत्री आवासची वाट पाहत बसू नका, वर सांगितलेल्या राज्याच्या योजनांना वेगळ्या याद्या असतात.

कागदपत्रांसाठी माझी एक पद्धत होती आणि ती मी कुठेही सांगतो. एका कार्यकर्त्याने एकच कुटुंब घ्यायचं. सगळ्यांनी मिळून सगळ्यांचं करायला घेतलं की पिशवीत दहा झेरॉक्स जमतात आणि एकाही माणसाचा संच पुरा होत नाही. तुमच्यातल्या सहा जणांनी सहा घरं वाटून घ्या. आधार, मग शिधापत्रिका, मग जॉब कार्ड, मग बँक खातं. मतदार यादी बरेच जण विसरतात. पत्त्याचा पुरावा नसलेल्या बेघर माणसालाही नमुना ६ भरून नाव लावता येतं. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या माणसाने, रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का एवढं पाहायचं असतं. आमच्याकडे एक बीएलओ मास्तर टॉर्च घेऊन गेले होते. बेड्यावरची माणसं पोलीस समजून पळाली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुपारीच सही करून टाकली. तर आधी सांगून, तुमच्यातला एक सोबत घेऊन जा.

जातीच्या दाखल्याला वेळ लागेल. अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त जातींसाठी १९६१ पूर्वीचा. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही तो तो आणणार कुठून? वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकाचं जात वैधता प्रमाणपत्र शोधा. पारध्यांची सोयरीक दूरदूरवर असते, एखादा चुलता नोकरीत निघतोच. नाहीच निघाला तर गृहचौकशीची (घरी येऊन करतात त्या चौकशीची) मागणी लेखी करा, तोंडी नको.

आता जागा. घर त्यामानाने सोपं, सगळं अडतं ते इथे. ई-क्लास म्हणजे चराईची जमीन. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच वर्षी जुलैत राज्याचाही निर्णय निघाला. तेव्हापासून गायरान, ई-क्लास म्हटलं की तहसीलमध्ये कोणी पेन उचलत नाही. निवासी अतिक्रमणं नियमित करायचं धोरण आहे, पण त्यातही जुना वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणून बेडा आज जिथे आहे तिथेच घर व्हावं हा हट्ट धरण्याआधी गावठाणात पाहा. ग्रामपंचायतीचं नमुना ८ चं, म्हणजे गावातल्या मिळकतींचं रजिस्टर काढा. कोणत्याही गावात पडका कोंडवाडा, जुनी चावडी, मोडकी समाजमंदिरं असतात. ती जागा ग्रामपंचायतीची असते आणि कोणाच्या लक्षातही नसते. तेही नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत भूमिहीनाला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पैसे मिळतात. आधी ५०,००० होते, आता १ लाखापर्यंत. (वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडचे कोणी हे वाचत असतील तर सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलं आहे का ते आधी पाहा. २२ मे २०२५ च्या निकालाने ती जमीन वनच ठरली आहे. तिथे अर्ज करून नुसत्या चपला झिजतील.)

पऱ्हाटी भाऊंचा मुद्दा मला मान्य नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या घरालाही सहा महिने कुलूप असतं. त्याला कोणी म्हणत नाही की घर कशाला दिलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ साली रद्द झाला. गावाच्या डोक्यातून तो अजून जायचा आहे.

उमेदवाली

काकांनी सगळं सांगितलं, पण ते ऑफिसच्या बाजूने सांगितलं. मी सीआरपी, म्हणजे उमेदच्या बचत गटांची गावातली कार्यकर्ती आहे, आमच्या गटातल्या बायांची घरकुलं बांधताना उभी राहिले आहे. मंजुरीचं पत्र आलं की कार्यकर्ते हार घालून निघून जातात. खरी फजिती तिथून पुढे सुरू होते.

प्रधानमंत्री आवासमध्ये साध्या भागात १,२०,००० मिळतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८ हजारांच्या आसपास जाते. शौचालयाचे १२,००० वेगळे. राज्यानेही २०२५ मध्ये ५०,००० ची भर घातली. कागदावर बरं दिसतं. पण पहिला हप्ता येतो १५,००० चा, आणि त्यात पायवा होत नाही. पायवा दिसल्याशिवाय, त्याचा फोटो जिओ टॅग (ठिकाणासह नोंद) झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. ज्याच्याकडे घालायला पैसे आहेत त्याचं घर वर येतं. ज्याच्याकडे नाहीत तो सावकाराकडे जातो, नाहीतर पायवा गवतात बुडतो. आमच्या तालुक्यात फिरा, असे पायवे दाखवते.

भाऊ, तुमची वर्गणी इथे घाला. दान म्हणून देऊ नका, फिरती ठेवा. पहिल्या घराला पायव्यापुरते द्या, त्याचा दुसरा हप्ता आला की तेवढे परत घेऊन दुसऱ्या घराला. हार्डवेअरवाल्या काकांना म्हणा, टिनं राहू द्या, लोखंड आणि सिमेंट उधारीवर द्या, हप्त्यावर वसूल करा. पारध्याला दुकानात उधारी मिळत नाही. तुम्ही जामीन राहिलात की मिळते. सहाही घरं एकाच मिस्त्रीला, एका मागे एक द्या, सेंट्रिंगचं भाडं वाचतं. घरकुलाला ५ ब्रास रेती मोफत आहे, पण घाटावरून आणायचा ट्रॅक्टर मोफत नाही, तो मंडळाच्या पोरांपैकी कोणाचा असेल तर बघा.

पायवा आखताना तिथे उभे राहा. नवरा म्हणतो एवढी जागा आहे तर मोठंच बांधू. २६९ फुटांऐवजी साडेचारशेचा पायवा घालतात आणि पैसे लिंटेलला संपतात. त्यापेक्षा लहान घर छतापर्यंत न्यायचं, पुढे पडवी कधीही काढता येते.

हप्ता कोणत्या खात्यात जातो तेही पाहून घ्या. आधारला शेवटचं जे खातं जोडलं असेल त्यात पैसे पडतात. आमच्या एका बाईने सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता, तिचं नवीन खातं निघालं तिला न सांगता. हप्ता त्यात जाऊन पडला आणि ती रोज बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची.

आणि तुमच्या बैठकीत सर आहेत, काका आहेत, आशाताई आहेत. बेड्यावरची एकही बाई नाही? घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. न्हाणी कुठे पाहिजे, पाणी कुठून आणणार, बकऱ्या-कोंबड्या रात्री कुठे बांधणार, सहा घरं लागून पाहिजेत की गावात विखुरलेली चालतील, हे तिला विचारलं का?

सेतूवाला

दोघांचे खूप आभार. ताई, तुमचं वाचून आशाताई आणि मी काल संध्याकाळी गेलो. गेलो ते बरं झालं.

चार घरं फासेपारधी, दोन पालपारधी. आपसात सोयरीक नाही, चुली लांब ठेवतात, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतही नव्हतं. पालपारध्यांच्या दोनपैकी एका घराला इथे राहायचंच नाही. त्यांना वाशीम जिल्ह्यात बाईच्या माहेरच्या गावी जायचं आहे. एक म्हातारी एकटीच आहे, नवरा वारला, मूल नाही. मी तिला कुटुंबात धरलंच नव्हतं, पुतण्याच्या घरात मोजत होतो. ती म्हणाली, मला पुतण्याच्या दारात नको, वेगळी खोली द्या.

बाया म्हणाल्या, हातपंप जवळ पाहिजे आणि घरं लागून पाहिजेत. रात्री काही झालं की गावातलं कोणी येत नाही, आम्हीच एकमेकींना हाक मारतो.

नमुना ८ पाहिलं. पडका कोंडवाडा आहे, हातपंपापासून लांब नाही. पण शेजारच्या एकाने तिथे कडबा आणि शेणखत टाकून ती जागा वापरात घेतली आहे, आणि तो सरपंचांचा चुलत मेहुणा. शिवाय कुजबुज सुरू झाली आहे की गावात पारधी आणून बसवतात म्हणून. ग्रामसभेत हे पडेल असं सर म्हणतात.

पऱ्हाटी

कोंडवाड्याची जागा मोजून पाह्यली का? आमच्याकडं कागदावर हाय सहा हजार फूट अन् जाग्यावर दोन हजारबी नाई, बाकी लोकायनं खाऊन टाकली. मोजनी केल्याबिगर ठराव घेऊ नका. मालं शिक्षण भूमापनाचं हाय, मी दारव्ह्याले बाजाराले येतो. म्हनान तं टेप घेऊन येतो, सरकारी मोजनी नाई होनार पन अंदाज येईन.

निवृत्त_ग्रामसेवक

पऱ्हाटी भाऊ, आता बोललात. जा तुम्ही.

सेतूवाले, ग्रामसभेचं ऐका. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. लहान गावात तेवढी माणसं सहसा येत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. विरोध करणारे पहिल्या सभेला येतात आणि तहकूब सभेला कंटाळतात. मी काही शिकवत नाही, घडतं ते सांगतो. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे आधी होणारी महिला ग्रामसभा. तिथे आशाताईंना बोलू द्या, बाळंतिणीचं सांगू द्या. गटाच्या बाया एकदा बोलल्या की मुख्य सभेत त्यांचे नवरे उलट बोलत नाहीत.

ठरावात ‘पारध्यांना जागा देणे’ असं लिहू नका. ‘ग्रामपंचायत मालकीची अमुक क्रमांकाची जागा अतिक्रमणमुक्त करून भूमिहीन घरकुल लाभार्थ्यांसाठी राखून ठेवणे’ असं लिहा. गावात इतरही दोन-तीन भूमिहीन असतील, एखादी परित्यक्ता, एखादा सालगडी, त्यांचीही नावं त्याच ठरावात घ्या. मग प्रश्न पारध्यांचा राहत नाही, आणि मेहुण्याला कडबा उचलायला सांगणं सरपंचांनाही सोपं जातं. ठरावाची प्रत त्याच आठवड्यात सही-शिक्क्यासह घ्या. वहीत लिहिलं आहे, नंतर देतो, यावर थांबू नका.

म्हातारीची वेगळी शिधापत्रिका काढा, एका माणसाचंही कुटुंब धरता येतं. ६५ च्या आतली असेल तर संजय गांधी निराधार, वर असेल तर श्रावणबाळ, दोन्हीकडे महिना १,५०० आहेत. तो अर्ज घरकुलासाठी थांबवू नका, उद्याच भरा.

वाशीमला जाणाऱ्या घराला जाऊ द्या. इथली संख्या दिसावी म्हणून त्यांना धरून ठेवू नका. फक्त आधार, शिधापत्रिका इथे झाली तर जाताना नाव कमी केल्याचा दाखला हातात द्या, नाहीतर तिकडे पुन्हा पहिल्यापासून. त्या गावात कोणी ओळखीचं असेल तर इथेच लिहा, वाशीमकडचे वाचक बरेच आहेत.

सेतूवाला

म्हातारीचा अर्ज आज भरला, वय आधारवर ६८ निघालं. पऱ्हाटी भाऊ, बाजाराच्या दिवशी दुपारी या, मी फाट्यावर घ्यायला येतो. टेप आमच्या काकांच्या दुकानात शंभर फुटी आहे, आणू नका.

वाशीम जिल्ह्यातलं गाव मानोऱ्याच्या बाजूला आहे. तिकडचं कोणी असेल तर निरोप टाका.